रिव्ह्यू ऑफ लिटरेचर: सिस्टिमॅटिक, स्कोपिंग की साधा? गाईड एक म्हणतात, कमिटी तिसरंच

रानजाई
नमस्कार मंडळी, इतके दिवस वाचनमात्र होते, आज अडलं म्हणून धागा काढतेय. कम्युनिटी हेल्थ नर्सिंगमध्ये पीएचडी चालू आहे, विषय आशाताईंच्या घरभेटी आणि नवजात बाळाची घरी घेतली जाणारी काळजी.

सिनॉप्सिसमध्ये चॅप्टर दोनचं नाव मी सरळ रिव्ह्यू ऑफ लिटरेचर असं दिलं होतं. गाईड मॅडमनी पेनाने त्याच्या आधी 'सिस्टिमॅटिक' घातलं. मग आरएसीच्या (संशोधन सल्लागार समितीच्या) मीटिंगमध्ये एक सर म्हणाले सिस्टिमॅटिक आहे तर प्रिझ्मा (रिव्ह्यू कसा केला ते दाखवायची ठरलेली चेकलिस्ट) कुठंय, दुसरे म्हणाले विषय इतका पसरट आहे की हा स्कोपिंगच व्हायला हवा, आणि तिसऱ्यांनी जाता जाता मेटा अ‍ॅनालिसिस पण जोडा म्हणजे पेपर मोठ्या जर्नलला जाईल असं सुचवलं. मी मान हलवत सगळं लिहून घेतलं आणि घरी आल्यावर लक्षात आलं की तिघांचं मिळून काय करायचं ते काही कळलेलं नाही.

आत्ता माझ्याकडे झोटेरोमध्ये ढीगभर पेपर आहेत, गुगल स्कॉलरवरून जसे मिळाले तसे घेतलेले, शिवाय शोधगंगेवरचे काही प्रबंध. एवढ्यावर नुसतं नाव बदलून चालतं की कामच बदलतं? सोप्या भाषेत सांगा प्लीज, इंग्रजी लेख वाचून डोकं फिरलंय.

कपाटकिल्ली
काम बदलतं, नाव त्याच्या मागून येतं. मी एका कॉलेजच्या लायब्ररीत आहे आणि सिनॉप्सिसचा सीझन आला की हा प्रश्न घेऊन रांग लागते. ग्रँट आणि बूथ यांनी २००९ मध्ये रिव्ह्यूचे १४ प्रकार मांडले होते, आता तर त्याहून जास्त झालेत, ते पाठ करायच्या नादी लागू नका. तुम्हाला तीन पुरतात.

नॅरेटिव्ह म्हणजे आपण चॅप्टर दोनमध्ये वर्षानुवर्षं लिहितो तो. तुम्ही विषय वाचलाय, त्यातलं महत्त्वाचं काय ते तुम्ही ठरवता आणि कोण काय म्हणालं, वाद कुठे आहे ते सलग सांगता. कुठले पेपर घेतले नि का घेतले हे वाचणाऱ्याला कळेलच असं नाही.

सिस्टिमॅटिकमध्ये प्रश्न एकच आणि अरुंद. शोधायच्या आधी प्रोटोकॉल लिहायचा की कुठल्या डेटाबेसमध्ये, कुठल्या शब्दांनी शोधणार, काय घेणार, काय टाकणार. मग दोन माणसांनी एकमेकांचं न बघता पेपर गाळायचे, घेतलेल्या प्रत्येक अभ्यासात बायस (निकाल एका बाजूला झुकवणारी चूक) किती ते तपासायचं, आणि त्यानंतर उत्तर द्यायचं. उद्या तिसऱ्या कुणी तुमच्या पायऱ्यांनी शोध घेतला तर त्याला तेच पेपर मिळायला हवेत.

स्कोपिंगमध्ये शोध तितकाच कसून, पण प्रश्न रुंद असतो. या विषयावर कुठे कुठे काम झालंय, कुठल्या पद्धतीने, आणि कुठे कुणी फिरकलेलंच नाही. आर्क्सी आणि ओमॅली यांनी २००५ मध्ये त्याच्या पायऱ्या घालून दिल्या. दर्जा तपासणं यात सक्तीचं नाही, म्हणूनच 'घरभेटींनी बाळं वाचतात का' याचं उत्तर स्कोपिंगमधून द्यायचं नसतं.

मेटा अ‍ॅनालिसिस हा वेगळा रिव्ह्यू नाहीच, ते आकडेमोडीचं तंत्र आहे. सिस्टिमॅटिक करून झाल्यावर अभ्यास एकमेकांशी पुरेसे जुळत असले तरच त्यांचे आकडे एकत्र करतात. तिसऱ्या सरांना एवढं सांगितलंत तरी पुरे.

ठोकळा
वाचतोय. आमच्या वेळी सोपं होतं, सीनियरचा प्रबंध घ्यायचा आणि दर परिच्छेदाची सुरुवात बदलायची. अमुक यांनी अभ्यास केला, तमुक यांच्या मते, ढमुक असे प्रतिपादन करतात. आमच्या डिपार्टमेंटला त्याला साखळी रिव्ह्यू म्हणायचे. रानजाईताई, तोही एक प्रकार धरा, पंधरावा. :)

डॉ_मिरजमळा
ठोकळा, हसलो, पण अशी साखळी मेडिकल जर्नलांतसुद्धा राजरोस छापून यायची. १९८७ मध्ये सिंथिया मलरो यांनी चार नामांकित जर्नलांमधले ५० रिव्ह्यू लेख तपासले, तर माहिती कशी शोधली हे धड सांगणारा जेमतेम एकच निघाला. लिहिणारे सगळे मोठे लोक बरं का.

मी पीएसएमचा (सामाजिक वैद्यकाचा) माणूस, त्यामुळे थोडं लांबण लावतो. रानजाई, तुमच्या विषयाच्या जवळचीच गोष्ट आहे. कळा लवकर सुरू झाल्या आणि बाळ अपुऱ्या दिवसांचं होणार असं दिसलं की आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात, बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून. याची पहिली ट्रायल न्यूझीलंडमध्ये, लिगिन्स आणि हॉवी यांची, १९७२ ची. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत बऱ्याच छोट्या ट्रायली झाल्या, काहींत फायदा दिसला, काहींत आकडा इतका लहान की धड हो नाही आणि धड नाही नाही. प्रत्येक डॉक्टर आपल्याला माहीत असलेली एखाद-दुसरी ट्रायल धरून बसलेला. सगळ्या शोधून एकत्र मांडणारा सिस्टिमॅटिक रिव्ह्यू १९८९ च्या सुमाराला आला आणि चित्र स्पष्ट झालं की बाळांचे मृत्यू कमी होतात. मधल्या काळात हे इंजेक्शन न मिळाल्यामुळे गेलेल्या बाळांचा हिशोब कुणी द्यायचा? १९९३ मध्ये असे रिव्ह्यू करणारं कोक्रेन कोलॅबरेशन सुरू झालं तेव्हा त्यांनी याच ट्रायलींचा आलेख लोगोत घेतला. त्या गोल चिन्हातल्या आडव्या रेघा म्हणजे एकेक ट्रायल आणि खालचा शंकरपाळा म्हणजे सगळ्यांचं मिळून उत्तर.

आकडे एकत्र करायची कल्पना त्याहून जुनी आहे. कार्ल पिअर्सन यांनी १९०४ मध्ये टायफॉइडच्या लशीचे आकडे असेच एकत्र केले होते, त्यात भारतातल्या ब्रिटिश फौजेचे आकडेही होते. मेटा अ‍ॅनालिसिस हे नाव मात्र १९७६ मध्ये जीन ग्लास यांनी दिलं, आणि तो माणूस शिक्षणशास्त्रातला, डॉक्टर नव्हे.

अनुस्वार
डॉक्टरसाहेब, मुद्दा मान्य, पण या गोष्टीवरून नॅरेटिव्ह म्हणजे आळशी लोकांचं काम असा जो सूर लागतो त्याला माझा विरोध आहे. मी समाजशास्त्रात आहे. आमच्याकडे दलित स्त्रियांच्या आरोग्यावरच्या लेखनाचा आढावा घ्यायचा तर आत्मकथनं येतात, जुन्या नियतकालिकांमधले लेख येतात, एखादी पुस्तिका येते जी कुठल्याच डेटाबेसमध्ये नाही. ती शोधायला कीवर्ड कुठला टाकू? आणि विचार कसा बदलत गेला हे सांगायचं असेल तर निवड करावीच लागते, अर्थ लावावाच लागतो, गाळणी लावून ते होत नाही.

हे फक्त आम्हीच म्हणतो असंही नाही. ट्रिश ग्रीनहाल्श आणि दोन सहलेखिकांनी २०१८ मध्ये याच मुद्द्यावर लेख लिहिला की सिस्टिमॅटिक वर आणि नॅरेटिव्ह खाली ही उतरंडच खोटी आहे, दोघांचं काम वेगळं आहे. ग्रीनहाल्श बाई स्वतः डॉक्टर आहेत आणि पुराव्यावर आधारित वैद्यकाचं त्यांचं पुस्तक जगभर शिकवतात, म्हणजे बाहेरून दगड मारणाऱ्यांतल्या नव्हेत.

डॉ_मिरजमळा
अनुस्वार, तुमच्याशी भांडण नाहीच. माझं भांडण आहे ते नॅरेटिव्ह करून वर सिस्टिमॅटिकची पाटी लावणाऱ्यांशी. प्रबंधात पाच ओळींत 'पबमेड व गुगल स्कॉलर येथे शोध घेतला' एवढं असतं आणि शीर्षकात सिस्टिमॅटिक. निवड केली असेल तर निवड केली म्हणा की, त्यात कमीपणा कसला?

आणि स्टेरॉइडच्या गोष्टीचा उत्तरार्ध राहिला, तो तुमच्या बाजूचा आहे. त्या सुरुवातीच्या ट्रायली बहुतेक श्रीमंत देशांतल्या, चांगल्या हॉस्पिटलांमधल्या. पुढे सहा देशांत मोठी ट्रायल झाली, नाव अ‍ॅक्ट, त्यात आपलं नागपूर आणि शेजारचं बेळगाव होतं. खेडोपाडी, लहान केंद्रांवरसुद्धा हे इंजेक्शन सर्रास द्यायला लावलं तर काय होतं ते बघायचं होतं. २०१५ मध्ये लॅन्सेटमध्ये निकाल छापून आले. लहान बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीतच, उलट एकूण जन्मांमध्ये नवजात मृत्यू किंचित वाढलेले निघाले. त्यानंतर डब्ल्यूएचओने भारत धरून पाच देशांत आणखी एक ट्रायल केली, सोयी असलेल्या हॉस्पिटलांमध्ये आणि दिवस नीट मोजून, तिथे २०२० मध्ये फायदा दिसला. म्हणजे जुना रिव्ह्यू खोटा नव्हता, तो ज्या जागेबद्दल बोलत होता ती जागा आपलं पीएचसी नव्हती. रिव्ह्यू वाचताना आतले अभ्यास कुठले आहेत हे बघायचं ते यासाठी.

रानजाई
बापरे, नागपूरचं माहीत नव्हतं, आमच्या शेजारच्या जिल्ह्यातलं. सगळ्यांचे आभार.

आता माझा प्रश्न नीट मांडते. मला तीन गोष्टी बघायच्यात: घरभेटींनी नवजात मृत्यू कमी होतात का, आशाताई प्रत्यक्षात ठरलेल्या भेटी करतात का (दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर सहा, घरी झालं असेल तर सात), आणि आई-सासू त्यांचं ऐकतात का, नाही तर का नाही. हे सगळं एकाच सिस्टिमॅटिकमध्ये बसेल?

डॉ_मिरजमळा
नाही बसणार. तिन्हींचा पुरावाच वेगळ्या जातीचा आहे. पहिल्याला ट्रायली लागतात, दुसऱ्याला सर्व्हे आणि सरकारी अहवाल, तिसऱ्याला मुलाखती. मुलाखतींचे अभ्यास एकत्र करायचे तर त्याची निराळी पद्धत आहे, मेटा एथ्नोग्राफी, नोब्लिट आणि हेअर यांची १९८८ ची, आणि तिला वेळ भरपूर लागतो.

पहिल्यातसुद्धा काय घेणार काय टाकणार हे लिहिताना हात कसा थरथरतो बघा. तुमच्या विषयाचं मूळ गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेने ३९ गावांत आरोग्यदूत तयार केले, ४७ गावं तुलनेला ठेवली, तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेत ६२ टक्क्यांनी कमी झालेला दिसला, आणि १९९९ मध्ये ते लॅन्सेटला आलं. २०११ पासून देशभर आशा ज्या घरभेटी करतात त्यामागे हे काम आहे. पण ही गावं चिठ्ठ्या टाकून वाटलेली नव्हती! म्हणजे निकषांत तुम्ही 'फक्त रँडमाइज्ड ट्रायल' अशी एक ओळ लिहिलीत की गडचिरोली तुमच्या रिव्ह्यूतून बाहेर. नियमाने बरोबर आहे, पण व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) कुणीतरी विचारणारच की ताई, बंगांचं काम कुठंय.

उपाय आहे, नॉन-रँडमाइज्ड पण तुलना गट असलेले अभ्यास घ्या आणि त्यांचा बायस वेगळ्या टूलने तपासा, रॉबिन्स-आय नावाचं आहे. फक्त हे आधी ठरवायचं, पेपर बघून झाल्यावर नाही. आवडता अभ्यास आत यावा म्हणून निकष वाकवला की सिस्टिमॅटिकपण संपलं, ज्याला प्रोटोकॉलची तारीख बघता येते त्याला ते लगेच कळतं.

पायथॉनपाटील
इथे इंजिनियरिंगवाल्यांना बोलायला परवानगी आहे का? आमच्या सॉफ्टवेअर इंजिनियरिंगमध्ये हे फॅड मेडिकलवरून आलं, बार्बरा किचनहॅम बाईंनी २००४ मध्ये मार्गदर्शिका लिहिली आणि तेव्हापासून एसएलआर (सिस्टिमॅटिक लिटरेचर रिव्ह्यू) म्हणजे परवलीचा शब्द झालाय. स्कोपिंगला आमच्याकडे मॅपिंग स्टडी म्हणतात, जवळपास तेच. आणि आम्ही स्नोबॉलिंग खूप करतो, म्हणजे दोन-चार चांगले पेपर पकडायचे, त्यांच्या संदर्भसूचीत मागे जायचं आणि त्यांना कुणी साइट केलंय ते बघत पुढे यायचं. रानजाईंचे स्कॉलरवरचे पेपर फेकून देऊ नका, स्नोबॉलिंगची सुरुवात तिथूनच होईल.

बाय द वे एवढं सगळं आता चॅटजीपीटी करून देतं ना?

कपाटकिल्ली
पाटीलसाहेब, त्याच्याकडून आणलेली संदर्भसूची घेऊन आलेली मुलं बघते की मी. लेखक खरा, जर्नल खरं, आणि पेपर अस्तित्वातच नाही. शोधायला शब्द सुचव म्हणून विचारा, त्याला हरकत नाही, पण यादी त्याच्याकडून घेऊ नका. यादी डेटाबेसनेच द्यायची.

शब्दांवरून एक सांगते, कारण रानजाईंचं खरं दुखणं इथे सुरू होणार आहे. पबमेडला नुसतं 'आशा' टाकून बघा. आशा नावाच्या लेखिका येतील, आणि अमेरिकेतली बोलणं-ऐकणं या विषयाची जी मोठी संघटना आहे तिचंही लघुरूप तेच, त्यामुळे बहिरेपणावरचे पेपर येतील. म्हणून पूर्ण नाव अवतरण चिन्हांत टाका, सोबत ऑर लावून 'कम्युनिटी हेल्थ वर्कर', 'व्हिलेज हेल्थ वर्कर'. बाळासाठी न्यूबॉर्न, निओनेट आणि निओनेटल, हे शेवटचे दोन 'neonat' एवढंच लिहून पुढे तारा (*) टाकला की एकदम येतात. भेटीसाठी 'होम व्हिजिट', 'होम बेस्ड'. हे तीन गट अँडने जोडायचे. राज्यांची नावं टाकणार असाल तर जुनी पण टाका, २०११ च्या आधीचा पेपर ओडिशा म्हणणार नाही, ओरिसा म्हणेल. एकदा शोध जमला की ती अख्खी ओळ तारखेसकट कॉपी करून ठेवा, परिशिष्टात जशीच्या तशी लागते.

गुगल स्कॉलरचा घोळ असा की आज दिलेली यादी उद्या तशीच देईल याची खात्री नाही. पूरक म्हणून वापरा, एकटं नको.

ठोकळा
एवढं करण्यापेक्षा आशाताईंबरोबर घरभेटीला गेलेलं परवडेल.

अनुस्वार
ठोकळा, ते चॅप्टर चारमध्ये येईल :)

रानजाई, माझं मत विचाराल तर प्रबंधाच्या चॅप्टर दोनला स्कोपिंग करा. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाला तेच शोभतं. त्याच्या अलीकडे दहा-बारा पानं नॅरेटिव्ह लिहा, बाळंतपण घरातून दवाखान्यात कसं गेलं, दाईची जागा कुणी घेतली, आशा ही स्वयंसेविका की कामगार हा वाद काय आहे. हा भाग गाळणीतून येणार नाही आणि त्याच्याशिवाय प्रबंध कोरडा होईल. तिथे प्रांजळपणे लिहा की हे निवडक वाचन आहे.

डॉ_मिरजमळा
+१. आणि मृत्यू कमी होतात का याचा रिव्ह्यू तुम्ही नव्याने करूच नका. त्यावर सिस्टिमॅटिक रिव्ह्यू आधीच झालेत, ते शोधा, त्यांचा दर्जा बघा आणि उद्धृत करा. एकाच प्रश्नावर पुन्हा पुन्हा रिव्ह्यू काढायची साथच आलीये, योआनिडीस यांनी २०१६ मध्ये त्यावर चांगलाच आसूड ओढला होता. पेपर वाढतात, माहिती तीच राहते. मेटा अ‍ॅनालिसिस सुचवणाऱ्या सरांना हे नम्रपणे सांगा, किंवा नकाच सांगू, तुमची फाईल त्यांच्याकडे आहे.

रानजाई
हाहा, फाईल खरंच त्यांच्याकडे आहे.

ठरलं मग. स्कोपिंग, आणि आधी छोटा नॅरेटिव्ह भाग. मॅडमशी फोनवर बोलले, त्यांना 'सिस्टिमॅटिक' म्हणजे व्यवस्थित, मुद्देसूद एवढंच म्हणायचं होतं असं निघालं! प्रिझ्माचं विचारणाऱ्या सरांना काय दाखवू? आणि प्रोटोकॉल प्रॉस्पेरोवर (रिव्ह्यूचे प्रोटोकॉल आधी नोंदवायची साइट) टाकू का? दुसरा वाचक कुठून आणू हा पण प्रश्न आहे, माझ्याबरोबरच्या मैत्रिणी आपापल्या सिनॉप्सिसमध्ये बुडाल्यात.

कपाटकिल्ली
प्रॉस्पेरो स्कोपिंग घेत नाही, ओएसएफवर (ओपन सायन्स फ्रेमवर्क) टाका, फुकट आहे, तारीख आपोआप पडते. प्रिझ्माची स्कोपिंगसाठी वेगळी आवृत्ती २०१८ ला निघाली आहे, ती चेकलिस्ट भरून सरांसमोर ठेवा. सोबत तो चौकोनांचा तक्ता हवाच: एकूण किती सापडले, डुप्लिकेट किती गेले, शीर्षक-सारांश वाचून किती गेले, पूर्ण वाचून किती गेले आणि कुठल्या कारणाने. ती कारणं वाचता वाचताच नोंदवा, मागाहून आठवून लिहिली की बेरीज जुळत नाही. गाळायला रय्यान ही वेबसाइट वापरा, त्यात दुसऱ्या वाचकाला तुमचा निर्णय दिसणार नाही अशी सोय आहे.

सरकारी अहवाल विसरू नका, एनएचएमचे (राष्ट्रीय आरोग्य अभियान), त्याला तांत्रिक मदत करणाऱ्या एनएचएसआरसीचे. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यात आहे आणि ते पबमेडमध्ये नाही.

मोगरापाकळी
रानजाई, मी पुण्यात एमपीएच केलंय, सध्या बाळ लहान आहे म्हणून घरी आहे. शीर्षक-सारांशाची गाळणी मी करू शकते, दुपारी वेळ असतो. फक्त निकष एका पानावर स्पष्ट लिहून द्या आणि सुरुवातीचे पन्नासेक पेपर आपण दोघींनी वेगवेगळे करून ताडून बघू, जिथे जुळणार नाही तिथे निकषच धूसर आहे असं समजायचं. आभारप्रदर्शनात नाव टाका म्हणजे झालं. विपु (विचारपूस, तिथे निरोप टाकलाय) बघा.

रानजाई
मोगरापाकळी, किती बरं वाटलं म्हणून सांगू! विपु केलीये.

शेतमळा७
चांगला धागा. माझा विषय कापसावरची गुलाबी बोंडअळी, एमएस्सी अ‍ॅग्री. गाईड म्हणतात रिव्ह्यू पन्नास पानांचा हवा, कुठला प्रकार ते काही बोलले नाहीत. मला पण स्कोपिंग चालेल का?

कपाटकिल्ली
पानांवरून प्रकार ठरत नाही हो. नेमकं काय शोधताय ते एका वाक्यात लिहा आणि वेगळा धागा काढा, इथे मिसळलं तर रानजाईंना काही सापडायचं नाही. तोवर एफएओच्या अ‍ॅग्रिसमध्ये बघून ठेवा, फुकट आहे. आणि अळीचं शास्त्रीय नाव टाकूनच शोधा, नुसतं पिंक बोलवर्म टाकलंत तर बरंच काही निसटेल.